एक रिमोट, सहा बटणे : घरचा टीव्ही आई-आजींच्या हाती परत देऊ या

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या आपल्या अनेक घरांत आज विचित्र परिस्थिती आहे. भिंतीवर मोठा टीव्ही आहे, गच्चीवर छत्री आहे, महिन्याचा रिचार्जही वेळेवर होतो. तरी दिवसभर टीव्ही बंदच असतो, कारण तो लावता येणारे माणूस घरात नसते. मुलगा पुण्याला कामाला, मुलगी लातूरला क्लासला, नातू शाळेत. घरी उरतात आई, आजी, आजोबा. त्यांच्यासमोर दोन-तीन रिमोट असतात आणि पडद्यावर 'नो सिग्नल' फिरत असते.

हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. २०१९ च्या मे महिन्यात स्टार प्रवाहवर बाबासाहेबांच्या जीवनावरची 'महामानवाची गौरवगाथा' सुरू झाली, तेव्हा आपल्या वस्त्यांत घरोघरी टीव्हीसमोर माणसे बसत होती. २०२० च्या ६ डिसेंबरला कोरोनामुळे घरूनच अभिवादन करण्याचे आवाहन झाले, तेव्हा थेट प्रक्षेपण हाच चैत्यभूमीपर्यंतचा रस्ता होता. संसदेतली चर्चा, गावाकडचे हवामान, सरकारी योजनांची घोषणा हे सगळे ज्येष्ठ माणसापर्यंत आजही मुख्यतः टीव्हीवरूनच पोहोचते. ज्याला मोबाईलवरचे बारीक अक्षर दिसत नाही, त्याच्यासाठी टीव्ही हेच वर्तमानपत्र. ते उघडण्यासाठी त्याला कुणाची तरी वाट पाहावी लागत असेल, तर आपण त्याच्या हातून एक साधन काढून घेतले आहे, असेच म्हणावे लागेल.

चांगली गोष्ट ही की, यावर फार पैसा लागत नाही. एक दुपार, एक चिकटपट्टी आणि थोडा संयम पुरतो. आम्ही वस्तीतल्या घरांत हे काम ज्या क्रमाने करतो, तोच क्रम इथे देत आहोत.

टीव्ही अवघड कधी झाला?

पूर्वीच्या टीव्हीला दोन खटके होते. एक चालू-बंदचा, दुसरा आवाजाचा. लातूरकडची माणसे अंबाजोगाईच्या टॉवरकडे अँटेना फिरवायची आणि दूरदर्शन पाहायची. पाहायला एकच वाहिनी असल्यामुळे निवडीचा प्रश्नच नव्हता.

डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची 'डीडी डायरेक्ट प्लस' ही मोफत छत्रीसेवा सुरू झाली. आज तिलाच आपण 'डीडी फ्री डिश' म्हणतो. त्याच सुमारास खासगी डीटीएच कंपन्या आल्या. मग केबलही डिजिटल झाली. मुंबई-पुण्यासारखी शहरे पहिल्या दोन टप्प्यांत गेली. उरलेल्या शहरी भागासाठी ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत होती, आणि ग्रामीण भाग त्यानंतर आला. त्यामुळे घरोघरी सेटटॉप बॉक्स आला आणि त्याच्याबरोबर दुसरा रिमोट आला. त्यानंतर स्मार्ट टीव्ही आला. तो चालू केला की वाहिनी लागत नाही, चित्रांची एक मोठी पाटी उघडते.

म्हणजे आज एक बातमी पाहायची तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. टीव्ही चालू हवा, बॉक्स चालू हवा आणि टीव्हीचे लक्ष बॉक्सकडे हवे. या तिसऱ्या गोष्टीला 'सोर्स' किंवा 'इनपुट' म्हणतात, आणि बहुतेक माणसे इथेच अडकतात. हात चुकून एका बटणावर पडतो, टीव्ही बॉक्सऐवजी दुसरीकडे पाहू लागतो आणि घरात 'टीव्ही बिघडला' असे जाहीर होते. खरे तर काहीच बिघडलेले नसते.

पहिले काम : विचारा

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी आजीला विचारा, "तुम्ही काय बघता?" यादी काढली तर ती आठ-दहा वाहिन्यांच्या पुढे सहसा जात नाही. दोन-तीन मराठी मालिकांच्या वाहिन्या, एक-दोन बातम्यांच्या, सह्याद्री, जुनी गाणी, एखादी चित्रपटांची. शेकडो वाहिन्यांच्या रानात ही दहा ठिकाणे हरवलेली असतात. आपले काम त्या दहांपर्यंतची पायवाट मोकळी करण्याचे आहे.

आपल्याला काय आवडते, ते या यादीत घुसवू नका. टीव्ही त्यांचा आहे.

दुसरे काम : एकच मार्ग ठेवा

पुष्कळ घरांत जुनी केबल, बंद पडलेली डीटीएच, फ्री डिश आणि इंटरनेट यांच्या वायरी टीव्हीच्या मागे एकत्र लोंबत असतात. यातला रोजचा मार्ग एकच ठेवा.

फ्री डिशला महिन्याचे पैसे लागत नाहीत. छत्री आणि बॉक्स एकदा घ्यायचा. सह्याद्री, डीडी न्यूज, संसद टीव्ही हे त्यावर दिसते. मात्र त्यावरच्या खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो आणि साधारणपणे १ एप्रिलला यादी बदलते. म्हणून एप्रिलमध्ये एकदा बॉक्सच्या मेन्यूत जाऊन वाहिन्या नव्याने शोधून घ्याव्या लागतात. 'आमची वाहिनी गेली' अशी तक्रार तेव्हाच येते. काही वेळा वाहिनी खरेच गेलेली असते, काही वेळा तिचा फक्त क्रमांक बदललेला असतो.

घरातल्या यादीत खासगी मराठी मालिकांच्या वाहिन्या जास्त असतील, तर डीटीएच किंवा केबल ठेवा. जो मार्ग ठेवाल तो ठेवा, पण बाकीच्या वायरी काढून गुंडाळून पिशवीत भरा. वायर जितकी कमी, तितके चुकण्याचे रस्ते कमी.

नवीन टीव्ही घेणाऱ्यांसाठी एक माहिती. काही टीव्हींत उपग्रहाचा ट्यूनर आतच बसवलेला असतो. छत्रीची वायर थेट टीव्हीला जोडली की फ्री डिशच्या खुल्या वाहिन्या दिसतात. बॉक्स नको आणि दुसरा रिमोटही नको. भारतीय मानक ब्युरोने अशा टीव्हींसाठी वेगळे मानकही ठरवले आहे : आयएस १८११२, सन २०२२. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत टीव्ही पाहायला गेलात, तर दुकानदाराला हा प्रश्न जरूर विचारा आणि दुकानातच चालवून दाखवायला सांगा.

तिसरे काम : सोर्सचा बंदोबस्त

बॉक्स आणि टीव्ही दोघांनाही एचडीएमआयची सोय असेल, तर लाल-पिवळ्या-पांढऱ्या तीन पिना काढून एकच एचडीएमआय वायर लावा. चित्रही सुधारते आणि सैल होणाऱ्या तीन जागांऐवजी एकच उरते. ही वायर टीव्हीच्या एक नंबरच्या एचडीएमआयमध्ये लावा.

मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. बऱ्याच टीव्हींत चालू होताना कोणता सोर्स उघडायचा ते ठरवता येते. तिथे 'एचडीएमआय १' किंवा 'शेवटचा सोर्स' निवडा. म्हणजे टीव्ही चालू केला की चित्रांची पाटी न येता सरळ वाहिनी येईल. भाषेचा पर्याय असेल तर मराठी करा. दुकानातला झगमगीत 'डेमो' प्रकार चालू राहिला असेल, तर तो बदलून 'होम' करा.

आणखी एक सोय असते. एचडीएमआय वायरीतून टीव्ही आणि बॉक्स एकमेकांना चालू-बंद करू शकतात. सॅमसंग तिला 'एनीनेट प्लस' म्हणते, एलजी 'सिंपलिंक', सोनी 'ब्राव्हिया सिंक'. ही सोय दोन्ही यंत्रांत असली तरच चालते, आणि स्वस्त बॉक्समध्ये ती बहुधा नसते. चालू करून पाहा. जमले तर उत्तम, नाही तर पुढचा उपाय आहेच.

चौथे काम : एक रिमोट

सेटटॉप बॉक्सच्या अनेक रिमोटवर चौकटीत वेगळी काढलेली चार-पाच बटणे असतात. ती 'शिकणारी' बटणे. टीव्हीच्या रिमोटचे चालू-बंद, आवाज आणि सोर्स त्यांना शिकवता येतात. साधारण पद्धत अशी : बॉक्सच्या रिमोटवरचे सेटिंगचे बटण दिवा लागेपर्यंत दाबून धरायचे, दोन्ही रिमोट समोरासमोर ठेवायचे, आधी बॉक्सच्या रिमोटवरचे शिकवायचे बटण आणि मग टीव्हीच्या रिमोटवरचे तेच बटण दाबायचे. दिवा लुकलुकला की शिकणे झाले. प्रत्येक कंपनीची पद्धत थोडी वेगळी असते, त्यामुळे बॉक्सबरोबरचा कागद पाहा किंवा केबलवाल्याला विचारा.

हे झाले की टीव्हीचा रिमोट कपाटात ठेवून द्या. सेल काढून ठेवा, म्हणजे ते गळून रिमोट खराब होणार नाही.

आता उरलेल्या रिमोटवर चाळीस-पन्नास बटणे आहेत. आजीला त्यातली सहा लागतात : टीव्हीचे चालू-बंद, बॉक्सचे चालू-बंद, आवाज वर, आवाज खाली, वाहिनी पुढे, वाहिनी मागे. आकडे टाकता येत असतील, तर आकड्यांचा भाग उघडा ठेवा. बाकीच्या बटणांवर जाड चिकटपट्टी लावा. चालू-बंदच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्या. तो वाळला की बोटालाही लागतो, त्यामुळे नजर कमी झालेल्या माणसालाही बटण सापडते. सोर्सचे बटण मात्र आधी झाका. अर्ध्या तक्रारी तिथूनच जन्मतात.

रिमोट चालत नसेल, तर तो मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. टोकाशी जांभळट-पांढरा उजेड दिसला तर रिमोट ठीक आहे. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात तो दिसत नाही, तेव्हा पुढच्या कॅमेऱ्यातून पाहा. उजेड नसेल तर सेल बदला. दोन्ही सेल एकदम बदला. जुना-नवा एकत्र घालू नका.

पाचवे काम : दहा वाहिन्यांची यादी

बॉक्समध्ये 'फेव्हरेट' यादी करता येते. घरच्यांच्या आवडीच्या दहा वाहिन्या त्यात टाका. बॉक्स देत असेल तर वाहिनी पुढे-मागे करताना फक्त त्याच दहा फिरतील असे करा. देगलूर, उदगीर भागात तेलुगू-कन्नड वाहिन्यांच्या गर्दीत मराठी वाहिनी शोधत बसावे लागते, तिथे याचा फार उपयोग होतो.

जोडीला पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत तक्ता लिहा. डावीकडे वाहिनीचे नाव, उजवीकडे क्रमांक. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी नावाऐवजी वाहिनीचे चिन्ह त्याच रंगात काढा. लहान मुलांना हे काम द्या, ती आवडीने करतात. तक्ता टीव्हीच्या शेजारी, बसल्या जागेवरून दिसेल असा लावा.

डीटीएचवर पैसे कापणाऱ्या जादा सेवा असतात. चुकून एखादे बटण दाबले की त्या सुरू होऊ शकतात. बॉक्सच्या मेन्यूत जाऊन त्यांना पिनकोडचे कुलूप लावा.

पडद्यावरचा निरोप ओळखायला शिका

फोनवरून आई सांगते, "टीव्ही येत नाही." तेव्हा पहिला प्रश्न विचारा : "बॉक्सच्या रिमोटचे मेन्यू बटण दाबल्यावर पडद्यावर काही येते का?" (चिकटपट्टी लावताना हे बटण या एका कामासाठी उघडे ठेवले तरी चालेल.)

काहीच येत नसेल, तर बॉक्स बंद आहे, वायर सैल आहे किंवा सोर्स बदलला आहे. छत्रीकडे जायची गरज नाही.

मेन्यू येतो पण वाहिनी येत नाही, आणि बॉक्स 'सिग्नल नाही' म्हणतो, तर अडचण छत्री, वायर किंवा पावसाची आहे.

काही वाहिन्या दिसतात आणि एखादीच दिसत नाही, तर रिचार्ज किंवा पॅकेज पाहा.

एवढे तीन भेद कळले की मेकॅनिकच्या निम्म्या फेऱ्या वाचतात, आणि फेरीमागे जाणारे पैसेही.

छत्रीबद्दल थोडे

हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीच्या गतीनेच फिरतात, म्हणून आपल्याला एकाच जागी स्थिर वाटतात. फ्री डिशच्या वाहिन्या ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ वरून येतात. नांदेड-लातूरहून ती जागा आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर येते. खासगी कंपन्यांचे उपग्रह वेगवेगळ्या जागी आहेत. म्हणून कंपनी बदलली की जुन्याच छत्रीचे तोंडही फिरवावे लागते.

छत्री दिसायला समोर पाहते, पण तिची नजर दिसते त्यापेक्षा बरीच वर असते. हिशोब केला तर आग्नेयेला १० फुटांवर असलेले झाड छत्रीपेक्षा साधारण १८ फूट उंच होईपर्यंत आडवे येत नाही. त्यामुळे झाडावर कुऱ्हाड चालवण्याआधी नट-बोल्ट पाहा. वैशाखातल्या वावटळीने छत्री जरा जरी हलली तरी सिग्नल जातो. ती नीट बसली की बोल्ट घट्ट करा आणि खांबावर व छत्रीवर एका सरळ रेघेत रंगाची खूण करा. पुढच्या वेळी खूण सरकली आहे का, एवढेच पाहायचे.

जोरदार पावसात चित्र जाते, कारण पावसाचे थेंब या लहरी शोषतात. पाऊस ओसरला की चित्र परत येते. त्या वेळी बॉक्सची सेटिंग बदलू नका आणि गच्चीवर चढू नका. विजा चमकत असतील तर टीव्ही आणि बॉक्स दोन्हींच्या पिना काढा, छत्रीची वायरही बॉक्सपासून सोडवा. मार्च आणि ऑक्टोबरच्या आसपास काही दिवस दिवसा काही मिनिटे चित्र जाते, कारण सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. तोही बिघाड नाही.

वायर छत्रीला जिथे जोडली जाते, तिथे पाणी शिरते. त्या जोडावर रबरी टेप गुंडाळा आणि घरात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल आणि आत येणार नाही.

पैशाचा हिशोब

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या नव्या नियमांमुळे प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर करावी लागते आणि ग्राहकाला हवी तीच वाहिनी सुटी घेता येते. याशिवाय 'नेटवर्क शुल्क' असते. त्यावर १३० रुपये अधिक कर अशी कमाल मर्यादा होती. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती काढली, आता कंपनी स्वतः दर ठरवते आणि तिला तो जाहीर करावा लागतो. म्हणून वर्षातून एकदा पॅकेज उघडून पाहा. एकच वाहिनी साध्या आणि एचडी अशा दोन्ही रूपांत घेतलेली असते, मुले गेल्यावरही मुलांच्या वाहिन्यांचे पैसे जात असतात. आजीच्या दहा वाहिन्यांचा हिशोब मांडा, बाकीच्या काढा. शक्य असेल तर तीन किंवा सहा महिन्यांचा रिचार्ज एकदम करा, म्हणजे महिन्याच्या मध्येच पडदा काळा होणार नाही.

ग्राहक क्रमांक, नोंदवलेला मोबाईल क्रमांक आणि कंपनीचा मदत क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून बॉक्सच्या मागे चिकटवा. पुण्यातल्या मुलाचा नंबर नोंदवलेला असेल तर ओटीपी त्याच्याकडेच जाईल, हे घरच्यांना माहीत असू द्या. आणि एक सक्त सूचना द्या : "तुमचा बॉक्स आज बंद होणार, ही लिंक दाबा, ओटीपी सांगा" असा फोन आला तर काही न बोलता ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा. सेवेबद्दलच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

इंटरनेट कुठे ठेवावे?

नागपूरहून चालणाऱ्या लॉर्ड बुद्धा टीव्ही, आवाज इंडिया टीव्ही यांसारख्या आपल्या वाहिन्या तुमच्या केबलवर किंवा डीटीएचवर आहेत का, ते आधी पाहा. नसतील तर त्या यूट्यूबवर पाहता येतात. पण यूट्यूब हा ज्येष्ठांचा रोजचा रस्ता करू नका. तिथे एका व्हिडिओनंतर दुसरा आपोआप लागतो, आणि माणूस बसतो ऐकायला एक अन् ऐकतो भलतेच. टीव्हीच्या रिमोटवर माईक असेल आणि आजोबांना तो वापरायची हौस असेल, तर मराठीत बोलून शोधायला शिकवा. हौस नसेल तर आग्रह नको. सुटीत घरी आलात की तुम्ही लावून द्या आणि शेजारच्यांनाही बोलवा.

परीक्षा त्यांची नाही, आपली

सगळे झाले की टीव्ही पूर्ण बंद करा, रिमोट आजीच्या हातात द्या आणि हात मागे बांधून बसा. बोलू नका, बोट दाखवू नका. त्यांनी एकट्याने टीव्ही लावला, आवडती वाहिनी काढली, बंद केला, असे तीन वेळा झाले तर काम पूर्ण. अडल्या तर त्यांना दोष देऊ नका. जिथे अडल्या तिथे आपली मांडणी चुकली आहे. ते बटण झाका, ती पायरी काढा, तक्त्यावर अक्षर मोठे करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा, कारण रात्री झोपून उठल्यावर जे लक्षात राहते तेच खरे शिकलेले.

विहारातून हे काम करता येईल

१९७५-७६ मध्ये भारताने उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही पोहोचवण्याचा 'साइट' हा प्रयोग केला. सहा राज्यांतली २,४०० गावे त्यात होती. महाराष्ट्र नव्हता, पण आपल्या शेजारचा गुलबर्गा जिल्हा होता. कोंबड्यांच्या जाळीसारख्या जाळीची दहा फुटी छत्री आणि गावासाठी एक संच. तो संच सांभाळण्याची आणि वेळेवर लावण्याची जबाबदारी गावातल्या एका माणसावर असे. पन्नास वर्षांपूर्वीची ती व्यवस्था आजही उपयोगी आहे : यंत्र कितीही मोठे असो, त्याच्याजवळ एक जबाबदार माणूस हवा.

आपल्या प्रत्येक विहारामागे दोन तरुण आणि दोन तरुणी एवढे काम शिकून घेऊ शकतात. वर्षावासात ज्येष्ठ मंडळी रोज विहारात येतात, तेव्हाच विचारून यादी करा. मग रविवारी घरोघर जा. सोबत चिकटपट्टी, सेल, नेलपॉलिश, मार्कर आणि पुठ्ठा एवढेच घ्या. दिवसाला पाच घरे सहज होतात. जी बाई एकटी राहते, ज्या घरात सगळी तरुण मंडळी बाहेरगावी आहेत, तिथून सुरुवात करा. १४ ऑक्टोबर आणि ६ डिसेंबरच्या आधी एक फेरी मारा, एप्रिलमध्ये फ्री डिशच्या घरांची दुसरी फेरी मारा. पौष पौर्णिमेला दाभडच्या महाविहार बावरीनगरला धम्म परिषदेसाठी आसपासच्या गावांतले कार्यकर्ते जमतात, तेव्हा एकमेकांच्या गावचे अनुभव सांगा.

ज्यांनी रोजमजुरी करून आपल्याला शिकवले, त्यांना दुपारी चार वाजता बातम्या लावण्यासाठी नातवाची वाट पाहायला लागू नये. येत्या रविवारी आपल्याच घरापासून सुरुवात करा.